उजव्या हाताचा चाकू

मित्रांनो, माझे पाते उघडून पाहिलेत तर तुम्हाला वाटेल, हा चाकू वापरून वापरून अर्धा झिजला. तसे नाही. मी झिजलेलो नाही, मला घासून अर्धा केले आहे. मी घडीचा चाकू आहे, कलमे बांधणाऱ्या माणसाचा. मिटलो की मुठीत मावतो आणि खिशात कुणाला टोचत नाही. आता म्हातारा झालो आहे. ही हकीकत माझी आहे तितकीच एका ताईची आणि तिच्या धाकट्या भावाची आहे. ती सांगताना मला अजून अवघडल्यासारखे होते, कारण त्या दोघांच्या मध्ये जी वस्तू आडवी आली, ती मी.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. पुढे काचेचे कपाट, मागे घासायचे चाक आणि पाण्याची बादली, आणि या दोघांच्या मध्ये आमचा चाकूवाला, गुडघ्यावर चामड्याचा तुकडा टाकून बसलेला. त्याने पोलादाची एकच पट्टी तोडून दोन पाती घडवली. मुठीही एकाच फळीतून काढल्या. त्यातला एक मी, दुसरा माझा जुळा.

आमच्यात फरक एकच होता. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने लावतात आणि दुसरे अंग अगदी सपाट ठेवतात. ते सपाट अंग काडीला टेकवून ओढले की काप सरळ येतो. माणूस उजव्या हाताने काम करणारा असेल तर सपाट अंग एका बाजूला लागते, डाव्या हाताचा असेल तर दुसऱ्या. मी उजवा झालो आणि माझा जुळा डावा. नखाने पाते उघडायची खाचही माझी एका अंगाला होती, त्याची दुसऱ्या. मिटून शेजारी ठेवले, की खाच पाहिल्याशिवाय चाकूवाल्यालाही आम्ही ओळखू यायचो नाही.

मग एके दिवशी ताई आली. केस पिकलेले, पाठ ताठ, आणि अंगठ्याला कात्रीचे घट्टे. तिने सगळा जन्म शिवणकामात काढला होता, त्यामुळे हत्यार कसे पाहायचे हे तिला कुणी शिकवायला नको होते. चाकूवाल्याने आधी चोचीसारख्या वाकड्या पात्याचा चाकू पुढे केला. तो तिने लगेच बाजूला सारला. हा छाटणीचा, म्हणाली, माझा भाऊ रोपवाटिकेत कलमे बांधतो, त्याला सरळ पात्याचा हवा. दुसरा फारच चकचकीत होता. तिने त्याच्या पात्यावर नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि नाक मुरडले. मग आम्ही दोघे तिच्यासमोर आलो.

"उजवा देऊ की डावा?" चाकूवाल्याने विचारले.

ताई हसली. "आमच्याकडे डावं कुणी नाही. एक होता, त्याला मी सरळ केला."

चाकूवालाही हसला. माझा जुळा कपाटात परत गेला आणि मी ताईच्या कापडी पिशवीत पडलो. खरे सांगतो मित्रांनो, मला फार आनंद झाला होता. निवडले जाण्याचा आनंद आंधळा असतो. तिने मला इतके पारखून घेतले होते, आणि मला ज्या हाती जायचे होते तो हात मात्र पारखायचा राहून गेला होता, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

ताईच्या अंगणात एक पेरूचे झाड होते. त्यांच्या आईने लावलेले. फळ लहान, आतून गुलाबी, आणि साल इतकी पातळ की बाजारात कुणी विकायला ठेवणार नाही. झाडाचे खोड आतून पोकळ झाले होते. जरा जोराचा वारा आला की ते घरावर येणार, म्हणून तोडायचे ठरले होते. लाकूडतोड्याला सांगूनही झाले होते. त्याआधी त्या झाडाच्या काड्यांची कलमे करून घ्यायची, म्हणजे आईचा पेरू राहील, एवढीच ताईची इच्छा होती. आणि ते काम भावाने तिच्या डोळ्यांदेखत, नव्या चाकूने करावे, हीही.

भाऊ खुंटरोपांच्या पिशव्या घेऊन आला. खुंटरोप म्हणजे ज्याच्यावर कलम बांधायचे ते साधे रोप. भाऊ उंच, बोलायला कमी. त्याचा जुना चाकू मी त्याच्या खिशातून डोकावताना पाहिला. पाते झिजून दाभणासारखे, मुठीला सुतळी गुंडाळलेली. ताईने मला त्याच्या हातावर ठेवले. त्याने मला उघडले, उजेडाकडे धरले आणि पात्यावरून अंगठा फिरवला. सपाट अंगाशी आल्यावर अंगठा थांबला. त्याला सगळे कळले होते. त्याने ताईकडे पाहिले. ताईचा चेहरा फुलून आला होता.

"छान आहे ताई," तो म्हणाला. "अगदी असाच हवा होता."

आणि त्याने मला उजव्या हातात धरले.

मित्रांनो, त्याचा उजवा हात चांगलाच होता. त्या हाताने तो जेवायचा, सही करायचा, लोकांना दारापर्यंत पोचवताना हात हलवायचा. पण काडी कापताना तो हात परक्या घरी आल्यासारखा बिचकत होता. काडीचे टोक पाचरीसारखे निमुळते करून खुंटाच्या चिरेत बसवायचे असते. ते असे बसले पाहिजे की दोघांच्या मध्ये उजेडही शिरू नये. त्या दिवशी माझा प्रत्येक काप लाटेसारखा आला. चिरेत काडी बसायची, पण फट राहायची. तो त्यावर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायचा, म्हणजे फट दिसू नये. ताई मात्र उत्साहाने एकेक चांगली काडी दाखवत होती. ही घे, ती पण घे, वरची कशाला ठेवतोस, झाड तर जाणारच आहे. ऊन चढेपर्यंत कापण्याजोग्या सगळ्या काड्या संपल्या. भिंतीच्या बाजूला एक तेवढी राहिली, कारण तिथे ताईची नजर पोचत नव्हती.

त्यानंतर कलमांबरोबर मी रोपवाटिकेत गेलो, म्हणजे त्याच्या खिशात गेलो, आणि तिथेच राहिलो. रोज सकाळी तो मला चाचपायचा आणि काढायचा मात्र त्या सुतळीवाल्या म्हाताऱ्याला. मला फार राग यायचा. मग एकदा दुपारी, आसपास कुणी नसताना, त्याने मला डाव्या हातात धरून एका टाकाऊ काडीवर चालवून पाहिले. माझे उतरते अंग काडीला लागले, पाते वर उसळले आणि काडीला खड्डा पडला. त्याने मला पुसले, हळूच मिटले आणि परत खिशात ठेवले. त्या दिवसापासून माझा राग गेला, आणि त्याच्या जागी जे आले ते रागापेक्षा वाईट होते. त्याचा उजवा हात मला वापरू शकत नव्हता आणि मी त्याच्या डाव्या हाताच्या कामाचा नव्हतो. तरी तो मला जवळ बाळगत होता, कारण मी ताईने दिलेला होतो.

कलमे वाळली. ओल टिकावी म्हणून घातलेल्या प्लास्टिकच्या टोप्यांखाली काड्या काळ्या पडत गेल्या. ताई विचारायची तेव्हा तो म्हणायचा, अजून वेळ लागेल. शेवटी लाकूडतोड्याने निरोप पाठवला की उद्या येतो. तेव्हा झाड जायच्या आधी कलमांवर एक नजर टाकावी म्हणून ताई न सांगताच रोपवाटिकेत आली. फाटकाशी एक बाई पिशव्यांत माती भरत होती. ताईने तिला भावाचे नाव सांगितले. बाईला उलगडा होईना.

"कलमं बांधतो तो. उंचसा."

"अहो, मग डावरे म्हणा की. ते काय, जाळीखाली बसलेत."

"डावरे नाही. तो माझा भाऊ आहे."

"असेल की. पण आमच्याकडे डावरे एकच. दुसरे कुठून आणू?"

ताई जाळीपर्यंत आली आणि थांबली. आत भाऊ काम करत होता. डाव्या हातात तो जुना चाकू होता. काडी उचल, एक काप, फिरव, दुसरा काप, चिरेत बसव. ताईने जन्मभर कापड कापले होते. आपले काम ओळखणारा हात कसा चालतो, हे तिला पाहताक्षणी कळत असे. ती कौतुकाने पाहतच राहिली असती. तेवढ्यात भावाने मान वर केली. त्याला ताई दिसली, आणि त्याने चाकू चटकन उजव्या हातात घेतला.

तो आजोबा झालेला माणूस होता, मित्रांनो. पण चोरून खाताना पकडलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला. ताईने तो चेहरा पाहिला. मला वाटते, त्यानंतर तिला वाळलेली कलमे दाखवायची गरजच नव्हती. तरी तिने ती पाहिली, एकेक टोपी उचलून. मग ती बाकावर बसली.

"कधीपासून?" तिने विचारले.

"पहिल्यापासूनच, ताई. फक्त तुझ्यासमोर डावा हात नसायचा."

ताईने हात पुढे केला आणि नवा चाकू मागितला. त्याने मला काढून दिले.

ती तिथून थेट चाकूवाल्याकडे आली. हा बदलून डावा द्या, म्हणाली. पण माझा जुळा गेला होता. एक बाई आली, तिने तो तिथेच डाव्या हातात धरून पाहिला आणि घेऊन गेली, असे चाकूवाल्याने सांगितले. मग मलाच घासून डावा करता येईल का? येईल, तो म्हणाला, पण पाते निम्मे जाईल आणि खाच आहे त्याच अंगाला राहील. ताईने मान डोलावली.

चाकावर मला धरले तेव्हा माझ्या अंगातून ठिणग्या उडाल्या. ताई समोरच स्टुलावर बसली होती. चाक किरकिरले की ती खाली पाहायची. अचानक ती बोलू लागली. आई दिवसभर कामावर असायची, म्हणाली, त्याला भरवायचं, सांभाळायचं काम माझ्याकडे. लोक त्याला हसतील म्हणून जेवताना मी त्याचा डावा हात खुर्चीला बांधायची. माझ्या वेणीच्या रिबिनीने. ताट रिकामं होईपर्यंत.

चाकूवाल्याने मला पाण्यात बुडवले. "तेव्हा सगळेच तसं करायचे, ताई."

"सगळ्यांनी आपापल्या भावांना केलं असेल," ती म्हणाली. "माझ्या भावाला मी केलं."

दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्या करवत घेऊन दारात उभा होता. ताईने त्याला चहा देऊन बसवून ठेवले. भाऊ आला. ताईने मला त्याच्या डाव्या हातात दिले. त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. या वेळी अंगठा कुठे थांबला नाही. स्टुलावर चढून त्याने भिंतीकडची ती एकुलती काडी काढली आणि ताईच्या समोर बसून दोनच काप दिले. काडी चिरेत अशी बसली, जणू तिथूनच फुटली होती. मग तो पट्टी पुढे करत म्हणाला, "बांध तू. तुझं बांधणं पक्कं असतं."

तो टोमणा होता की माया, हे मला आजही सांगता येणार नाही. ताईचा हात मध्येच अडखळला. मग तिने पट्टीचा एकेक वेढा दिला, आणि प्रत्येक वेढ्याला ती त्याला विचारत होती, घट्ट होत नाही ना?

झाड पडल्यावर सगळे आत आले. ताईने ताट वाढले. चमचा तिने सवयीने उजवीकडे ठेवला, क्षणभर त्याकडे पाहिले, आणि उचलून ताटाच्या डावीकडे ठेवला. भावाने डावा हात उचलला, चमच्यापर्यंत नेला, आणि तो हात तिथेच थांबला. मग त्याने चमचा उचलून उजव्या हातात घेतला.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "हा आता जेवायचं विसरला."

ते कलम जगले. आज त्याच अंगणात त्याचा पेरू उभा आहे, आणि फळ आतून तसेच गुलाबी आहे. ताई पहिला पेरू भावाला देते. भाऊ तो माझ्या पात्याने कापतो, डाव्या हाताने. माझी खाच मात्र अजून उजव्या अंगालाच आहे. मला उघडताना रोज त्याचे नख क्षणभर अडखळते.

मित्रांनो, चाकू कोरडा पुसून ठेवा, पात्याच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडा, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक ऐका. कुणाला सरळ करायला निघालात, तर तो खरोखर वाकडा आहे का, हे आधी पाहा. पोलाद घासून बदलता येते, आणि तरी माझे निम्मे पाते गेले. माणसाचे किती जाते, ते मला विचारू नका. ताईला विचारा. जेवण वाढताना ती अजून चमचा हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहते.