अवेळी आलेल्या करंज्या

बाग म्हणजे झाडं, गवत आणि बसायला बाक, अशी रुइफेनची साधी समजूत होती. सूचौला आल्यावर ती पार मोडीत निघाली. इथल्या बागांत बसायला जागा कमी आणि वळसे फार. भिंतीला दार असलं तर ते गोल, दगड असला तर त्याला भोकं. तळ्यावर पूल होता, तोही सरळ पलीकडे न जाता दर चार पावलांनी मुरडत होता.

"पूल बांधणारा प्यायलेला होता का रे?" तिने मुलाला विचारलं.

"मुद्दाम केलाय, आई. माणूस हळू चालतो, वळून वळून बघतो," दोंगलिन म्हणाला.

"बघितलं की. मासे आहेत."

दोंगलिनने तिला दूर उत्तरेतल्या शान्शीहून बोलावून घेतलं होतं ते 'आई, चार दिवस बागा बघ, चांगलंचुंगलं खा' असं सांगून. बागा हे निमित्त आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. खरं कारण वेइलान. जुन्या शहरात कालव्याकाठी राहणाऱ्या लू कुटुंबाची ही एकुलती एक मुलगी. दोघांचं जमून दोन वर्षं झाली होती, पण तिच्या घरचे 'बघू, सवडीने भेटू' करत दिवस ढकलत होते. आता कुठे त्यांनी मायलेकांना जेवायला बोलावलं होतं, आणि तेही आज. वेइलानने दोंगलिनला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की आई-बाबांचं मन मोडून ती लग्न करणार नाही. म्हणजे आज त्यांच्या मनात भरलं तर नव्या वर्षाआधी लग्न, नाहीतर सगळं मुसळ केरात. मुलगा तर त्यांनी पाहिलेलाच होता. पाहायचं राहिलं होतं ते त्याचं घराणं, आणि नवरा गेल्यापासून ते घराणं म्हणजे एकटी रुइफेन. शाळेच्या भटारखान्यात उभा जन्म काढलेली, मोठ्या आवाजाची, मोठ्या हाताची.

तिची भूकच मेली होती, आणि त्यात इथलं खाणं. मासा गोड, मांस गोड, नूडल्सवर घातलेला ईल मासाही गोड. भरीला ऋतू क्वेइच्या बारीक, सुवासिक फुलांचा, त्यामुळे जे उरलंसुरलं होतं त्यावर त्या फुलांचा पाक. तिची जीभ शिरक्यासाठी नुसती तळमळत होती. शान्शीतल्या माणसाला ज्वारीचा काळा, मुरलेला, आंबटढाण शिरका नसेल तर घास उतरत नाही. लूंकडे न्यायला म्हणून तिने घरून एक बाटली आणलीही होती, पण दोंगलिनने ती पहिल्याच दिवशी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"लग्नाच्या बोलणीला शिरका? आई, ते काय म्हणतील?"

त्याचंही खरं होतं. प्रेमात कुणी कुणावर जळलं की 'शिरका खाल्ला' असं म्हणायची साऱ्या देशाची रीत.

"हसतील. हसू देत की," ती म्हणाली होती.

शेवटी अक्रोड आणि लाल खजूर न्यायचं ठरलं. शिरक्याची बाटली मात्र तिने हट्टाने शालीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली. इतक्या लांब आणलेली वस्तू हॉटेलच्या खोलीत एकटी टाकून जाणं तिच्या जिवावर आलं.

बागेतून निघून दोघं कालव्याच्या कडेने चालत गेली. लूंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. मागच्या दारातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. दारात वेइलानची आई, शन बाई, उभी होती. बारीक चणीची, केस नीट मागे बांधलेले, पण डोळे सुजलेले आणि हसू ओढून आणल्यासारखं. एक हात तिने एप्रनच्या खिशात ठेवला होता तो बाहेर काढायलाच तयार नव्हती.

"या, दोंगलिनच्या आई. प्रवास झाला ना नीट?" ती म्हणाली आणि लगबगीने आत निघून गेली.

'विहीणबाई' असं काही ती म्हणाली नाही. पहिल्या भेटीत ते म्हणणार नाहीत हे रुइफेनला कळत होतं, तरी कान तेवढ्या एका शब्दासाठी टवकारलेले होते आणि तो न आल्याचं त्यांना बरोबर समजलं.

बाहेरच्या खोलीत वेइलानच्या वडिलांनी चहा ओतला. लू रेशमाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. शांत म्हणजे इतके की त्यांना बोलतं करायला आधी आपणच दमावं. वेइलान खुर्च्या सारखी इकडून तिकडे सरकवत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून शन बाईने हाक मारली, लू आत गेले आणि दोघांचं आपल्या बोलीत काहीतरी सुरू झालं. सूचौची बोली भलती मऊ. शिव्या दिल्या तरी परक्याला अंगाई वाटावी. पण रुइफेन भटारखान्यात मुरलेली बाई होती. शब्द कळला नाही तरी भांडण तिला कळत होतं. आत भांडण चाललं होतं आणि ते पाहुण्यांवरून चाललं होतं. वेइलानचे कान लाल झाले होते.

लू बाहेर येऊन बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "परत कधी जायचंय आपल्याला?"

"परवा," रुइफेन म्हणाली.

"परवा. असं, असं," लू म्हणाले.

अजून चहाची वाफ गेली नव्हती आणि परत कधी जाणार!

मग शन बाई एका हातावर मोठी बशी तोलत आली. "घ्या. गरम आहेत तोवर घ्या," असं म्हणून तिने ती बरोबर रुइफेनच्या पुढ्यात ठेवली. बशीत च्याओझ होते. मांस-कोबीचं सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्या.

रुइफेनने हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

तिच्या मुलखात, नव्हे सगळ्या उत्तरेतच, पाहुणा दारात आला की त्याच्यापुढे नूडल्स येतात. लांबच लांब नूडल्स, म्हणजे पाहुण्याचे पाय बांधले, आता राहा. आणि निघायच्या दिवशी करंज्या. तोंड मिटलेलं गाठोडंच ते. गाठोडं बांधलं, आता निघा. पोरासोरांनाही हे सांगावं लागत नाही. रुइफेनच्या मावशीने लेकीला बघायला आलेल्या एका नावडत्या स्थळापुढे भर सकाळी करंज्या ठेवल्या होत्या. एक शब्द बोलली नव्हती. स्थळ समजून चुकलं आणि चहाला हात न लावता उठलं. त्या गोष्टीवर घरातले सगळे वर्षानुवर्षं हसत आले होते, रुइफेनही.

तिने दोंगलिनकडे पाहिलं. तो बशीकडे पाहत होता. चेहरा पांढराफटक. मायलेकांच्या नजरा क्षणभर एकमेकींना भिडल्या आणि लगेच दोन दिशांना गेल्या. मग त्याने काड्या उचलल्या आणि औषध घ्यावं तशी एकेक करंजी गिळायला सुरुवात केली.

"छान झाल्यात," तो म्हणाला.

ते ऐकून रुइफेनला भडभडून आलं. स्वतःचं तिला काही वाटलं नाही. पण दोन वर्षं या दारात चपला काढून नम्रपणे बसणारा तिचा मुलगा, त्याला हाकलताना यांनी करंज्या वाढाव्यात, आणि त्याने त्या छान म्हणाव्यात? तिच्या करंजीची मुरड उकलली होती आणि सारण बशीत पसरलं होतं. म्हणजे हाकलायचं तेही धड नाही. शन बाई पुन्हा आत गेली होती. रुइफेन उठली. दोंगलिनने "आई" म्हणेपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारात पोचलीसुद्धा.

"वेइलानच्या आई, आम्हाला कळलं," ती म्हणाली. तिचा आवाज हळू काढायचा विचार होता, पण हळू आवाज तिच्याकडे नव्हताच. "निघतो आम्ही. पण एक सांगते. मी पसंत पडले नसेन तर मला सांगा. मी लांब असते, वर्षात एकदा तोंड दाखवीन, नको असेल तर तेही नाही दाखवणार. त्यासाठी माझ्या पोराला जायला का सांगताय?"

"जायला?" शन बाई वळली. तिच्या नाकाला पीठ लागलं होतं. "जायला कोण म्हणालं?"

"तुमच्या करंज्या म्हणाल्या."

शन बाईचा चेहरा रडवेला झाला. "इतक्या वाईट झाल्यात का हो?"

तेव्हा कुठे रुइफेनने स्वयंपाकघराकडे नीट पाहिलं. ओट्यावर पीठ, जमिनीवर पीठ, खिडकीच्या काचेवर पिठाची बोटं. एका टोपात फुटलेल्या करंज्यांचा लगदा. ताटात पुढच्या घाण्याच्या करंज्या मांडलेल्या, आणि त्यांना जी मुरड घातली होती ती जगातल्या कुठल्याही करंजीची नव्हती. सूपात सोडायच्या छोट्या पुड्या सूचौच्या बायका जशा वळतात, तशा या वळलेल्या होत्या. शन बाईचा खिशातला हात आता बाहेर होता आणि त्याच्या दोन बोटांना पट्टी बांधलेली होती.

"आठवडाभर करतेय," शन बाई म्हणाली. "फोनवर एक बाई दाखवते, तिचं बघून. ती म्हणाली उत्तरेकडची माणसं यावर जीव टाकतात. मी जन्मात कधी केल्या नव्हत्या. एकीचं तोंड मिटलं की दुसरीचं उघडतं. काल तर पाणीच उसळलं हातावर."

"आणि फुटलेल्या सगळ्या मी खाल्ल्या," लू दारातून म्हणाले. त्यांच्या मागे वेइलान उभी होती. "आठ दिवस सकाळ-संध्याकाळ. माझ्या सकाळच्या नूडल्स बंद. मघाशीही हिला तेच सांगत होतो, बाई, तुला येतं ते कर, नूडल्स कर. तर माझ्यावरच खेकसली."

"मग काय! इतक्या लांबून माणूस येणार आणि त्याच्यापुढे रोजच्या नूडल्स ठेवू? काय म्हणतील? आधीच आमच्या वाट्या एवढ्याशा, तुम्हाला वाटायचं सूचौवाले हात आखडतात. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

रुइफेनने एक तिवई ओढली आणि ती तिच्यावर बसली. आधी तिला वाटलं आपण रडणार. पण बाहेर आलं ते हसू, आणि ते भटारखान्याच्या मापाचं होतं. छातीवरचा धोंडा उतरला होता. हसताहसता तिने रीत सांगितली, येणाऱ्याला नूडल्स, जाणाऱ्याला करंज्या, आणि मावशीने घालवलेल्या स्थळाचीही गोष्ट सांगितली.

शन बाईने पट्टीचा हात तोंडावर ठेवला. "अगं बाई! म्हणजे मी तुम्हाला दारातच निरोप दिला?"

"दिलात. वर यांनी विचारलं, परत कधी जाणार."

"मी आपलं बागेचं तिकीट काढावं म्हणून विचारलं," लू गोरेमोरे होत म्हणाले. "पूर्वेची बाग राहिलीय ना तुमची? तिथला वाकडा पूल फार सुंदर आहे."

"अजून एक वाकडा पूल आहे?" रुइफेन म्हणाली. "बघू या की."

शन बाई तोवर कामाला लागली होती, आणि ही बाई वेगळीच होती. तिचे हात आता अडखळत नव्हते. आधणात नूडल्स पडल्या, बाजूच्या शेगडीवरचं झाकण निघालं, वाटीत तपकिरी रस्सा आला. नूडल्स एका झटक्यात निथळून, वेणीच्या पेडासारख्या सरळ दुमडून तिने त्या रश्श्यात ठेवल्या आणि वर मांसाचा मऊ तुकडा सोडला. रुइफेन बघत राहिली. असं कुणी काम करताना दिसलं की तिला आपोआप ते माणूस आवडायचं.

"खरं सांगा," पाठमोऱ्या शन बाईने विचारलं. "करंज्यांत काय चुकलं?"

"सारण चांगलं आहे. मुरड मी दाखवीन. पण शिरक्याशिवाय करंजी म्हणजे..." रुइफेन थांबली. मग उठून बाहेर गेली, पिशवीच्या तळातून शालीचं गाठोडं काढलं आणि पुन्हा आत आली. दोंगलिन टेबलापाशी एकटाच, पाठ करून बसला होता. त्याने वळूनही पाहिलं नाही.

शन बाईने बूच काढून वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडाला पाणी सुटलं. "वेइलानचे बाबा, बघितलंत? लग्नाच्या बोलणीला शिरका आणलाय." मग बाटली उंच धरून ती रुइफेनला म्हणाली, "आतापासून आपणच शिरका खायला लागलो तर पोरांनी काय खायचं, विहीणबाई?"

ती म्हणून गेली आणि आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षातही आलं नाही. ती करंज्यांवर शिरका ओतत होती. वेइलानच्या मात्र ते लक्षात आलं. तिने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी होकारार्थी मान डोलावली.

"ही पहिली वाटी मी नेते," रुइफेन म्हणाली.

दोंगलिन तसाच बसला होता. समोरची बशी त्याने संपवली होती, शेवटच्या करंजीपर्यंत. आईची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती आणि तिचे बंद नीट बांधत होता, उठायच्या तयारीने. आतलं हसणं त्याला ऐकू आलं असणार, पण त्याने त्याचा काय अर्थ लावला होता कोण जाणे.

रुइफेनने वाटी त्याच्यापुढे ठेवली.

तो वाटीकडे बघत राहिला. लांब, सरळ, दुमडलेल्या नूडल्स. त्याने वर पाहिलं, आईच्या पिठाने माखलेल्या बाहीकडे, मग दारातल्या वेइलानकडे, आणि पुन्हा वाटीकडे. मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली.

"आई," तो म्हणाला, "नूडल्स आहेत."

"दिसतंय मला," रुइफेन म्हणाली आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "खा आता. गोडच असतील. मलाही सवय करायला हवी."