मला ‘हं’ म्हणता येत नाही

मी एक जुना व्हॉइस रेकॉर्डर आहे, मित्रांनो. खिशात मावेन एवढाच, पण कान भारी तिखट. माझ्या बॅटरीचे झाकण आता चिकटपट्टीवर तगून आहे. कारखान्यातून आलो तेव्हा मात्र कोरा करकरीत होतो. उमेदीची वर्षे नाशिक रोडच्या एका वकिलांच्या टेबलावर गेली. लोक तिथे येऊन भांडत आणि मी मुकाट ऐकून घेई. पुढे वकिलांना मोबाइल गोड वाटू लागला आणि मी ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलो. तिथून सरिताने मला मागून नेले.

सरिता पेठकडच्या डोंगरातली, कोकणा आदिवासी घरातली मुलगी. नाशिकला ती भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास करत होती, एम.ए. आणि पीएच.डी. एकाला एक जोडून. त्यात एक मेख होती. एम.ए. संपताना आपले संशोधन समितीपुढे मांडायचे. पटले तर पुढे पीएच.डी., नाही तर नुसती एम.ए. घेऊन वाटेला लागायचे. सरिताला मधेच वाटेला लागायचे नव्हते. आपल्या बोलीतली कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, गोष्ट तिला अख्खी टिपायची होती. ती पूर्ण येणारी तिच्या ओळखीत एकच, तिची आत्या अंबूबाई. आणि नागलीची मळणी उरकली, की आत्या दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जाणार होती. ती परतण्याआधीच समितीची बैठक होती.

आम्ही गेलो. भर दुपारी खळ्यावर नागली पाखडत आत्या सांगू लागली. सरिताला तिच्या मार्गदर्शक उज्वला मॅडमनी बजावले होते, “रेकॉर्डिंग स्वच्छ हवं. मधे आपला आवाज नको.” म्हणून पोरगी ओठ मिटून बसली. मी तर जन्माचाच मुका. कणसरी रुसून घराबाहेर पडली, नदीपर्यंत आली, आणि आत्या थांबली.

“झोपलीस का गं?”

सरिताने मानेनेच नाही म्हटले.

“मंग हं कोन म्हनंल? हुंकार नाय, त मी सांगू कोनाला? या डबीला?”

डबी! मला फार लागले. पण बाईचे काही चुकत नव्हते. त्यांच्या घरी ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणत राहायचे, तेव्हाच सांगणारा पुढे जातो. सरिता याच खळ्यावर हं म्हणत मोठी झाली होती आणि शहराच्या शिस्तीत नेमके तेच विसरून बसली होती. तिने खूप विनवले.

“आज नाय,” सूप उचलत आत्या म्हणाली. “तुटलेली गोष्ट त्याच दिशी जोडीत नाय.”

सरिता हिरमुसली, पण हटली नाही. सकाळी तिने मला पुन्हा सुपाशेजारी ठेवले. “आत्या, पहिल्यापासून सांग. मी हाय.” या खेपेला ती मनापासून हं म्हणत गेली. कणसरीने नदी ओलांडली, मुलखात उपासमार झाली, आणि शेवटी ती घरी परतली. त्याच संध्याकाळी आत्या कामाच्या गाडीत बसली.

समितीतल्या एका सरांनी ऐकता ऐकता नाक मुरडले. “हे हं-हं आधी काढून टाका. संशोधकाचा आवाज कशाला?”

सरिताने मला थांबवले.

“नाही काढणार, सर,” ती म्हणाली. तिने खळ्यावरची पहिल्या दिवशीची गोष्ट लावली. ती नदीपाशी तुटली. “इथे मी गप्प होते. माझं हं काढलं, तर कणसरी घरी येतच नाही. मला पीएच.डी. याच हुंकारावर करायची आहे.”

मग उज्वला मॅडम म्हणाल्या, “गप्प बसायला मीच सांगितलं होतं तिला. ती म्हणते ते बरोबर आहे.” समितीने सरिताला पुढे जाऊ दिले. त्या दिवशी मला माझ्या कानांचा फार अभिमान वाटला.

उन्हाळ्यात आत्या परतली. सरिताने मला तिच्यापुढे ठेवून तिचीच गोष्ट लावली. आत्या आधी बिचकली. मग पदर सावरून नीट बसली आणि हलकेच म्हणाली, “हं.” पुढच्या वाक्याला पुन्हा, “हं.” या डबीला! मित्रांनो, जन्मभर मी ऐकत आलो, पण मला हुंकार देणारे पहिले माणूस तेच.

आता मी थकलो आहे. माझ्यासारखा एखादा तुमच्या घरी पडला असेल, तर त्याची धूळ पुसा, बॅटऱ्या गळू देऊ नका. आणि घरातले कोणी काही सांगू लागले, तर मला त्यांच्यापुढे ठेवून उठून जाऊ नका. जवळ बसा, हं म्हणा. तेवढे माझ्याच्याने होत नाही.