दोन बोटांची फट

मित्रांनो, हा खुंटीवर लोंबणारा पितळेचा गोळा म्हणजे मी, गवंड्याचा जुना ओळंबा. गोड बोलणं ऐकायला माझ्याकडे येऊ नका. माझ्या दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी गट्टी आहे. ती भिंतीच्या माथ्याला टेकवायची, मला खाली सोडायचं आणि मी डोलायचा थांबेपर्यंत दम धरायचा. मी भिंतीला अलगद टेकलो, तर भिंत सरळ.

एका तरण्या गवंड्याने मला विकत घेतलं. तीस वर्षं आम्ही जोडीने भिंती उभ्या केल्या. लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. त्याला विचारल्याशिवाय गल्लीत कुणी पायाही खोदेना. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू!

मग त्याने मला पिशवीतून काढणंच सोडलं. "आता माझा डोळाच ओळंबा," म्हणायचा. लोक वाहवा करायचे आणि मी काळा पडत गेलो. खरी गोष्ट वेगळीच होती, मित्रांनो. त्याला माझी दोरी दिसेनाशी झाली होती. पण सांगणार कुणाला? नाव गेलं असतं, कामही गेलं असतं.

लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार, म्हणून त्याने घरामागे खोली बांधायला घेतली. बायको विटा देत होती. भिंत डोक्याएवढी झाली, तशी ती थबकली.

"अहो, एकदा ओळंबा लावा की."

"आता तू मला शिकवणार?"

"मी कशाला शिकवू? पण या भिंतीखाली आपलं बाळ निजणार आहे."

त्याने थापी खाली ठेवली. मग त्याने मला बाहेर काढलं. मी डोललो, थांबलो. माझ्यात आणि भिंतीत चांगली दोन बोटांची फट होती. भिंत वरून झुकली होती. त्याने वाकून डोळे बारीक केले, शेवटी बोटांनी फट चाचपली. माझा जीव तुटला हो! पण मी तरी काय करणार?

"मला दिसत नाही गं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"मग सांगायचं की! मी काय परकी आहे?"

त्याने पहार घेतली आणि शेजारीपाजारी बघत असताना आपल्या हाताने भिंत पाडली. दुसऱ्या दिवसापासून तो वर गट्टी धरायचा आणि ती खाली बसून मला बघायची.

"टेकला का?"

"नाही. वरची वीट जरा मागे घ्या."

आणि तो मागे घ्यायचा.

लोक कित्येक वर्षं त्याला शहाणा म्हणत होते. मला विचाराल, तर तो त्या दुपारी शहाणा झाला. म्हणून सांगतो मित्रांनो, चूक तोंडावर दाखवणाऱ्यावर डाफरू नका. आणि घरातल्या कुणाला दिसेनासं झालं असेल, तर ते सांगायची त्याला लाज वाटू देऊ नका. कदाचित आज तो तुमच्यासाठीच भिंत बांधत असेल.