मेळाव्याला नेलेली मधपेटी

मित्रांनो, मुक्ताबाईच्या गोठ्यात जी निळी पेटी पडली आहे, जिच्यात तांबडी कोंबडी अंडी घालायला बसते, ती मी. माझ्या झाकणावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘मधमाशी शेतकऱ्याची सखी’ असे लिहिले आहे. कोंबडीला वाचता येत नाही, ते बरे.

मी काही कोंबडीसाठी जन्मले नव्हते. मला सहादेव सुतारांनी घडवले. हयातभर त्यांनी औते आणि पाभरी केल्या होत्या. मधाच्या योजनेतल्या साहेबांनी मापांचा कागद पुढे धरला तेव्हा ते हसले.

“माश्यांना घर? आन् तेबी सागवानी? साहेब, मी सोता पत्र्याखाली ऱ्हातोय.”

पण कामाला हात लागला तो मनापासून. माझ्या आत पोळ्यांसाठी आठ चौकटी टांगायच्या होत्या, आणि दोन चौकटींमध्ये एक माशी इकडून नि एक तिकडून जाईल एवढीच फट ठेवायची होती. सहादेवांनी तीनदा रंधा मारला, तीनदा माप घेतले आणि म्हणाले, “आता बसा म्हनावं.”

आमच्या टेकाडवाडीत अशा पाच पेट्या आल्या. एकीत हळद भरली गेली, एकीत चपला. एकीवर बसून एक म्हातारबुवा दाढी करून घेत. एक सरळ चुलीत गेली. पाचवी मी. साहेबांनी अकोले तालुक्यातल्या डोंगरातून सातेरी माश्यांचे मोहोळ आणून माझ्यात सोडले आणि मला मुक्ताबाईच्या बांधावर, बाभळीच्या सावलीत, एका घडवंचीवर ठेवले. घडवंचीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून.

मुक्ताबाईला मधाचा मोह नव्हता. तिला हवे होते कांद्याचे बी. लग्न होऊन येताना तिने श्रीगोंद्याकडच्या माहेराहून ते पदराच्या गाठीत बांधून आणले होते. तांबडा, चपटा, चाळीत दिवाळीपर्यंत न कुजणारा कांदा. ते बी देणारी आई आता राहिली नव्हती आणि माहेरी भावांनी वाण मोडून ऊस लावला होता.

कांद्याच्या बियाचा एक हट्ट असतो, मित्रांनो. ते साठवून भागत नाही. वर्ष उलटले की उगवायचे विसरते. म्हणून दर साली निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना डोंगळे, म्हणजे फुलांचे पोकळ दांडे, येऊ द्यायचे, डोंगळ्यांवर पांढरे गोंडे फुलू द्यायचे. त्या फुलांवर माशी बसली, तर बी भरते. नाही बसली, तर वरून गोंडा आणि आत फोलपट.

माझ्या माश्या बसू लागल्या त्या साली तिला पायलीभर बी निघाले. रोज दिवस मावळताना ती यायची, वाट्यांत पाणी घालायची आणि माझ्या भिंतीला कान लावून विचारायची, “आल्या का गं समद्या?” आतली गुणगुण ऐकली की मगच घरी जायची. लोक हसत. तिला काही वाटत नसे. मला फार वाटे. इतक्या आपुलकीने कोणी पेटीशी बोलत नाही.

मग बाहत्तर सालचा माघ आला. गोंडे नुकते उमलले होते, आणि मुक्ताबाईचा श्रीमंत नावाचा दीर बांधावर आला. तो तरुण मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. हौशी होता, आणि हौशी माणसापुढे पेटीचे काही चालत नाही.

“वहिनी, परवा मारुतीच्या देवळापुढं मधमाशी मेळावा घेतोय. पाव्हणं येनार, भाषनं होनार. तुमची पेटी मदोमद ठेवायची.”

“माश्या देवळात न्यायच्या कशाला? देवळातली मानसं हितं आना की.”

“पाव्हणं ढेकळांतनं चालत येत्याल व्हय?”

“माशी रोज येती. तिला न्हाई पाय दुखत.”

श्रीमंत हसला, पण हटला नाही. शेवटी मुक्ताबाईने अट घातली. “हे बघा भावजी. उद्या दिस मावळला, समद्या आत आल्या, की दाराला जाळी लावायची आन् मग उचलायची. तिथं जाळी काढायची न्हाई. आन् परवा सांजच्याला परत हितंच आनून ठेवायची. डोंगळं फुललंय, माश्या गेल्या तर माज्या आईचं बी गेलं.”

“शब्द दिला, वहिनी.”

दुसऱ्या दिवशी दिवस मावळला. मुक्ताबाईने जाळी लावली आणि वाट पाहत बसली. कोणी आले नाही. मंडळाची सगळी पोरे मांडवाला कागदी फुले चिकटवत होती. मधमाश्यांचा सण आणि फुले कागदाची. अंधार पडल्यावर मुक्ताबाईने जाळी काढली. म्हणाली, “बरं झालं. इसरलं.”

विसरले नव्हते. सकाळी नऊ वाजता, मुक्ताबाई विहिरीवर गेलेली असताना, श्रीमंत आणि आणखी तिघे धावत आले. पाहुण्यांची जीप फाट्यावर पोहोचली होती. निम्म्याहून जास्त माश्या तेव्हा फुलांवर होत्या. मी अंग जड केले, कुरकुरले. पण दाराला जाळीही न लावता त्यांनी मला उचललेच.

मांडवात नेल्यावर श्रीमंतने मला निरखले आणि म्हणाला, “ही लई मळकी दिसती.” बैलगाड्या रंगवणारा गोरक्षनाथ तिथेच होता. त्याने निळ्या तेलरंगाचा डबा उघडला आणि भिंती, झाकण, माश्यांच्या दारापुढची फळी, सगळे रंगवून काढले. वर अक्षरे लिहिली. ती वाळायच्या आत माझ्या दाराशीच पेटत्या अगरबत्त्यांचा जुडगा खोचला गेला. वर झेंडूचा हार, त्यावर गुलाल. शेजारी कर्णा.

पाहुणे छान बोलले. मधमाशी किती कष्टाळू, किती शिस्तीची, तिच्यावाचून शेत कसे ओसाड. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या चालू असतानाच राणीमाशी बाहेर पडली, आणि आत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या तिच्यामागे निघाल्या. मांडवावर एक काळा गोळा फिरला आणि डोंगराच्या बाजूला दिसेनासा झाला. लोकांना वाटले, हा कार्यक्रमातलाच भाग आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आणि बांधावर? ते मला नंतर मुक्ताबाईच्या बोलण्यातून कळले. फुलांवर गेलेल्या माश्या परत आल्या, तर पेटी नाही. नुसती घडवंची आणि चार वाट्या. त्या दिवसभर त्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत राहिल्या. संध्याकाळी मला परत आणून ठेवले, तरी रंगाच्या वासाने एकही आत आली नाही. घडवंचीच्या लाकडालाच मूठभर गोळा होऊन बिलगल्या. दोन दिवसांनी वाट्यांतल्या पाण्यावर त्यांचे पंख तरंगत होते.

“वहिनी, नवी माशी आनू,” श्रीमंत म्हणाला.

“डोंगळं थांबत्याल का तवर?” मुक्ताबाईने एवढेच विचारले.

मग ती रोज सकाळी धोतराचा मऊ तुकडा घेऊन एकेका गोंड्यावरून फिरवू लागली, या फुलाचे त्या फुलाला लागावे म्हणून. अख्खा माघ तिने माशीचे काम केले. माणसाला ते जमते, मित्रांनो, पण थोडे. पायलीच्या जागी चिपटेभर बी निघाले. दर साली ती चार घरी बी वाटायची. त्या साली वाटणार काय? पुढे पावसाने दगा दिला, तिची विहीर आटली, रोप टाकता आले नाही, आणि ते चिपटेभर बी डब्यातच म्हातारे झाले. वाटले असते, तर कुणाच्या तरी विहिरीवर तो वाण जगला असता. आज तो टेकाडवाडीत नाही.

परवा श्रीमंत गोठ्यात आला होता. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आहेत. बाहेर हातगाडी, तिच्यावर मऊ गोणपाट अंथरलेले. यंदा पुन्हा मेळावा आहे.

“दिस मावळल्यावर आलोय, वहिनी. तुमी सांगितलं हुतं तसंच.”

मुक्ताबाईने कोंबडीला हुसकले, आतले अंडे काढून घेतले आणि म्हणाली, “आता कवाबी न्या, भावजी. आत कोन हाय?”

त्याने हातगाडीवरचे गोणपाट गुंडाळले. मग हातगाडी रिकामीच ढकलत गेला.

मित्रांनो, त्याने दिवस मावळायची वाट पाहिली, याचे मला बरे वाटले आणि रडूही आले. तुम्ही मोठे व्हाल, मेळावे घ्याल, हारही घालाल. तेवढे करण्याआधी एक करा. ज्याचा सत्कार करायचा, त्याच्या दाराला कान लावा, आणि आत सगळ्या आल्यात का, ते ऐका.