शेवटचा रकाना

दचकू नका, या बंद कपाटातून मीच बोलतेय. मी सहा नंबरच्या खाटेची नोंदवही.

ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांचं दुखणं तरी निदान हलकं व्हावं, म्हणून रुग्णालयातला हा विभाग. माझ्या पानांवर रकाने आहेत: वेदना, झोप, भूक, श्वास आणि अगदी कडेला, मन. वेदनेला शून्य ते दहा आकडा द्यायचा. त्या आकड्यावर डॉक्टर औषध ठरवतात. मनाचा रकाना मात्र बहुतेक कोराच. सगळे मला उघडायचे, पण तिथवर कुणाची नजर पोचायची नाही. मला फार एकटं वाटायचं.

मग शिंपीकाका आले. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेला माणूस, सोबत एकुलती एक लेक. पहिल्या दिवशी त्यांनी खरं ते सांगितलं, "सहा." लेकीचा चेहरा उतरला, ती व्हरांड्यात जाऊन रडली. काकांनी ते खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून काका म्हणू लागले, "तीन."

सकाळची सिस्टर मनाने चांगली, पण खाटा वीस आणि ती एकटी. घाईत विचारायची, "काय काका, कालच्यासारखंच ना?"

"कालच्यासारखंच."

झालं, लिहिलं तीन. आजची ओळ कालच्या ओळीची री ओढायची. असे दहा दिवस गेले. काका दात-ओठ आवळून पडलेले मला दिसायचे, आणि माझ्याच अंगावर सुबक अक्षरात तीन. मला माझीच लाज वाटायची. पण वहीला तोंड कुठे असतं?

बाराव्या दिवशी थोरल्या सिस्टर रजेवरून परतल्या. त्यांनी माझी पानं मागे-पुढे चाळली, मग काकांकडे नीट पाहिलं आणि लेकीला चहा प्यायला पाठवलं.

"काका, सदऱ्याची बटणं एक घर चुकलीत."

"राहू दे गं. हात वर जात नाही."

"शिंप्याची बटणं चुकतात आणि दुखणं म्हणे तीन! इथे आलात दुखणं कमी करायला, आणि तेच लपवताय? ताकाला जाऊन भांडं लपवायचं होय?"

काका हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. "नऊ आहे, सिस्टर. पण पोरीला सांगू नका."

सिस्टरांनी नऊ लिहिलं. पेन तिथेच थांबलं नाही. "आणि मन?"

"एकटं वाटतं. ती शेजारी बसलेली असते, तरी."

सिस्टरांनी ते जसंच्या तसं लिहिलं. त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा माझं पूर्ण पान भरलं. दुपारपर्यंत औषध वाढलं.

संध्याकाळी लेकीने मला उघडलं आणि ते पान वाचलं.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू रडतेस म्हणून."

"रडेन की! रडले म्हणून काय झालं? तुम्ही सांगत जा."

मग काका सांगू लागले. कधी पाच, कधी चार. ती कधी रडायची, कधी नाही. दुखणं उतरलं तसे ते तिला काज करायला शिकवू लागले. "टाके जवळ घे गं, हे काज आहे की खिंडार?" म्हणून चिडवायचे. असे नऊ दिवस मिळाले. शेवटच्या दिवशी आकडा लेकीने सांगितला, दोन. मनाच्या रकान्यात लिहिलं होतं, "लेक जवळ आहे." पुढची पानं कोरी आहेत.

आता सगळी नोंद संगणकाच्या पडद्यावर होते. मी कपाटात पडून आहे, मला कुणी उघडत नाही. त्या पडद्यावर म्हणे कालचे आकडे आपोआप येतात, फक्त बोट टेकवायचं. आज सकाळीच दारातून ऐकू आलं, "काय आजी, कालच्यासारखंच ना?"

आजी काय म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही.

सिस्टर, बाई गं, माझं हे कपाट उघडू नकोस हवं तर. पण बोट टेकवण्याआधी जरा त्यांच्याजवळ बस. आणि त्यांची बटणं बघ.