आतलं नाव

रुपाली गेल्यावर अजिनाथनं तिच्या कामाला पहिल्यांदा हात लावला तो सासूबाईंच्या चादरीसाठी. रुपाली अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात चादरींच्या नक्ष्या काढायची. मंद्रूपला तिच्या आईच्या, बाळाबाईंच्या, शेळ्या होत्या. त्या शेळ्यांचीच चादर आईला द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. नक्षी निम्म्याच्या वर झाली आणि ती अंथरुणाला खिळली. आता मालक म्हणत होते, नक्षी आणा, मागावर चढवतो. पण नक्षी उघडेना.

ती उघडायची रुपालीनं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधूनच. प्रोग्रॅम पायथॉनमधला, वाचता येण्यासारखा. पण चादरीच्या हजारो धाग्यांचा हिशेब पायथॉनला जड जायचा, म्हणून तेवढा भाग तिनं सी भाषेत लिहून त्याची तयार फाइल बनवली होती. प्रोग्रॅम त्या फाइलला नावानं हाक मारायचा आणि काम करून घ्यायचा. मूळ लिखाण जुन्या डिस्कबरोबर गेलं. पेनड्राइव्हवर उरली ती तयार फाइल. ती चालवता येते, उघडून वाचता येत नाही.

रविवारी सकाळी यास्मीन आली. कारखान्यात ती रुपालीच्या शेजारच्या टेबलावर बसायची.

"दीदीचं पायथॉन जुनं होतं, तुम्ही नवीन टाकलंय," ती म्हणाली. "ही फाइल ज्याच्यासाठी बनवली त्याच्याशीच बोलते. माझ्या सासूसारखी आहे."

तिनं जुनं पायथॉन शोधून बसवलं. अजिनाथनं चहा ठेवला. परत चालवलं, परत चूक दाखवणारी लाल अक्षरं आली, पण या वेळी वेगळी.

"बघा, आता फाइल सापडतेय," यास्मीन म्हणाली. "पण आत 'धागा' नावाचं कुणी नाही म्हणते. अजिनाथभाऊ, फाइलचं नाव बदललंत का?"

"बदललं नाही. सुधारलं."

"म्हणजे?"

अजिनाथ लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये प्रुफं तपासायचा. चुकलेलं अक्षर दिसलं की त्याचा हात थांबत नसे. "डी-ए-जी-ए लिहिलं होतं तिनं," तो म्हणाला. "दगा. म्हटलं, घाईत एच राहिला असेल. नव्या कॉम्प्युटरवर घेताना फाइलच्या नावात घातला. प्रोग्रॅममध्येही सगळीकडे घातला."

यास्मीन हसायला लागली. मग तिनं ओढणी तोंडावर धरली.

"अहो, दीदी धागा कधी म्हणायची? 'दागा' म्हणायची. 'यास्मीन, दागा तुटला बग की.' पूर्ण कारखाना चिडवायचा तिला."

घरी ती अजिनाथशी जपून बोलायची. तो टोकायचा, म्हणून असेल.

"तुम्ही बाहेरची पाटी बदलली," यास्मीन हळू आवाजात म्हणाली. "आत तिनं जे नाव दिलंय ते तसंच आहे. तिथं तुमचा लाल पेन पोचत नाही."

"मग?"

"मग काय, एच काढा. तुम्हीच काढा."

त्यानं फाइलच्या नावातला एच पुसला. प्रोग्रॅममधलेही एकेक करून पुसले. हात सावकाश चालत होता. यास्मीननं घाई केली नाही. मग त्यानं प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर शेळ्या आल्या. लांब कानांच्या, एकीमागं एक, काठाला बाभळीच्या शेंगा. अजिनाथनं चष्मा काढून शर्टानं पुसला आणि परत घातला. शेवटची शेळी अपुरी होती. पोटापर्यंत झाली होती, पाय नव्हते.

"पाय मी लावते," यास्मीन म्हणाली. "पुढच्या शेळीचे उचलून इथं ठेवले की झालं."

"थांब," अजिनाथ म्हणाला. त्यानं मंद्रूपला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "मामी, रुपालीची नक्षी सापडली. शेवटची शेळी राहिलीय. एक कान पांढरा आहे तिचा."

पलीकडं शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"ती व्हय," बाळाबाई म्हणाल्या. "ती चंदी. रुपीच्या हातावर वाढली. जावईबापू, मागचा डावा पाय वाकडा काढा तिचा. बारकी असताना मोडला हुता, रुपीनंच बांदला, वाकडाच बसला. सरळ काढला तर वळखू यायची न्हाय मला."

"काढतो, मामी."

"आन जेवलासा का?"

"जेवतो."

यास्मीननं खुर्ची पुढं ओढली आणि एकेक चौकोन भरत पाय उतरवायला घेतला. गुडघ्याखाली तो बाहेरच्या अंगाला गेला. अजिनाथ मागं उभा राहून बघत होता.

"अजून थोडा वाकडा," तो म्हणाला.