काल्याच्या रांगेतला होकार

मांडवात महाराजांनी कीर्तन रंगवत गोकुळातल्या गवळ्यांच्या पोरांना गोल करून बसवलं होतं, शिदोऱ्या सुटायच्या बेतात होत्या, आणि नेमका तेव्हाच प्रेमराजच्या उपरण्याखाली मोबाईल थरथरला.

टाळकऱ्यांच्या रांगेत तो मधोमध. दोन्ही टाळ एका हातात धरून त्यानं हळूच पाहिलं. निरोप सपनाचा होता. "नाना, जळगावहून निघू का? वाट मोकळी आहे ना?"

धुळ्याच्या विमान शिकवणाऱ्या शाळेतली ही पोरगी आज पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन जळगावला गेली होती. प्रेमराज त्या शाळेत हवामान बघणारा कारकून. रडारचं रंगीत चित्र, उपग्रहानं टिपलेले ढग, वाऱ्याचे बाण, सगळं पडद्यावर एकावर एक ठेवून तो पोरांना वाट सांगायचा. हिरवं असेल तर जपून, पिवळं असेल तर थांबा, लाल असेल तर चहा प्या. त्यानं होकार दिल्याशिवाय शिकाऊ पोरांनी चाक हलवायचं नाही, हा शाळेचा नियम. आज सप्ताहाची सांगता म्हणून तो पारोळ्याजवळच्या आपल्या गावी आला होता. पण "मोबाईलवर बघून सांगतो, काळजी नको," असा शब्द त्यानंच शाळा चालवणाऱ्या योगेंद्र सरांना दिला होता.

चित्र उघडलं. सातपुड्याकडे यावलच्या वर एक हिरवा ठिपका, बाकी सगळं स्वच्छ. पण हे चित्र सकाळी धुळ्यात उघडलेलं. गावात रेंज इतकीच की निरोप शिरायचा, चित्र मात्र नव्यानं उतरायचं नाही. त्यासाठी गावच्या मराठी शाळेमागच्या टेकाडावर जावं लागलं असतं.

काल्याला कुणी रांग मोडत नाही. शेजारी उभे असलेले वना आबा डोळे मिटून डोलत होते. महाराजांचा हात वर गेला, मृदंग चढला, अंगावर काटा आला. प्रेमराजनं अंगठ्यानं दोन शब्द लिहिले, "मोकळी. ये." आणि टाळ वाजवायला लागला.

लाह्यांचा प्रसाद ओंजळीत घेऊन तो मांडवाबाहेर आला, तेव्हा पूर्वेचं आभाळ काजळी धरल्यासारखं झालं होतं.

"बापरे, अवकाळी!" कुणीतरी म्हणालं. "केळीनं वाटोळं करीन हाई." सगळ्यांना आपापल्या केळीच्या बागांची धास्ती पडली.

प्रेमराज टेकाडाकडे धावला. चित्र उतरलं. एरंडोलपासून जळगावपर्यंत लाल, आणि लालच्या पोटात त्याहून वाईट जांभळं. सपनाचा फोन बंद. याचा अर्थ ती वर आभाळात होती. त्यानं योगेंद्र सरांना फोन लावला.

"सर, तिला रेडिओवर बोलवा!"

"बोललो," पलीकडून योगेंद्र सर ओरडले. "मागे वळलीय. तुम्ही देवाचं नाव घ्या."

गावात आल्यापासून तो तेच तर करत होता. पण आता नाव घ्यायला तोंड उघडेना.

पोरगी वाचली. जळगावला उतरताना वाऱ्यानं विमान धावपट्टीबाहेर ढकललं, पंख मातीत घुसला, उजवा हात मोडला. संध्याकाळी सरांचा फोन आला. "तुम्हाला न विचारताच निघाली म्हणते. तसंच लिहिलंय मी. आता हिचं एकटीनं उडणं बंद." होकार आपणच दिला होता, हे प्रेमराजला सांगता आलं असतं. तो नुसतं "हं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो जळगावच्या दवाखान्यात गेला. सपनाची आई, सुंदरबाई, खाटेवर मागे बसून लेकीचे केस विंचरत होती. त्याला पाहताच उठायला लागली.

"या नाना, बठा! पोर सांगस, नानानी हा म्हना तं मंगच इमान उडस. तुम्ही शेतस म्हनीसन मन्हा जीव थंड ऱ्हास."

आपण आहोत म्हणून हिचा जीव शांत, हे ऐकून प्रेमराज बसला नाही. सपनानं डोळ्यांनीच त्याला गप्प राहायला सांगितलं. आई औषधाची चिठ्ठी घेऊन नर्सकडे गेली, तशी ती कुजबुजली, "नाना, मी निरोप पुसून टाकलाय. तुम्हीही पुसा."

"अगं, पण तुझं उडणं?"

"मी अजून वीस वर्षांची आहे. तुम्हाला या वयात नोकरीला कोण ठेवील? आणि खिडकीबाहेर मीही बघायला हवं होतंच की."

"तू विचारलं होतंस ना, पोरी."

"मग काय झालं? तुम्ही कीर्तनात होता. चांगल्या कामातच होता."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला वाटलं. चांगलं काम! टेकाड चार पावलांवर होतं. देवानं त्याला रांगेत उभं राहा म्हटलं नव्हतं. लोक काय म्हणतील, याची लाज त्याला धरून बसली होती, आणि त्या लाजेला तो भक्ती समजला होता.

सुंदरबाई परत आली, कंगवा घेऊन पुन्हा लेकीमागे बसली. प्रेमराजनं तिथंच उभ्याउभ्या फोन लावला.

"नाना, नको ना!" सपना म्हणाली.

"सर, प्रेमराज बोलतोय. पोरीनं निघण्याआधी विचारलं होतं. होकार मी दिला, सकाळच्या शिळ्या चित्रावर. माझ्या मोबाईलमध्ये निरोप आहे, पाठवतो."

 सर म्हणाले, "प्रेमराजभाऊ... उद्यापासून येऊ नका. मी कळवीन."

"आणि तिचं?"

"लिहिलेलं बदलतो."

फोन ठेवून त्यानं वर पाहिलं. सुंदरबाईचा कंगवा केसांत थांबला होता. ती त्याच्याकडे बघत होती, जणू हा माणूस आत्ताच दारातून आला असावा. सपना खाली मान घालून बसली होती.

मग कंगवा पुन्हा हलला. सुंदरबाईनं केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली, सावकाश, मोडलेल्या हाताला धक्का लागणार नाही अशा बेतानं. बसा असं कुणी म्हणालं नाही. जा असंही कुणी म्हणालं नाही. वेणी पुरी होईपर्यंत प्रेमराज खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.